खारं खारं सारखं नसते

वडनेर भोलजी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अविनाश,

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत. आम्ही दोघी मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. त्यात खरं किती ते पुढे येईलच. तूर घरात आली, हरभऱ्याला घाटे धरलेत. शेजारच्या खुर्शीदाच्या सुनेला मुलगी झाली. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांतले चार आपल्याकडे आले, त्यातले तीन मी खाल्ले.

शुक्रवारी तुझा फोन आला. "आई, सतरा तारखेले मी सोडचिठ्ठीसाठी वकिलाकडे जाऊन राह्यलो. तिले माणूस नाही पाहिजे, दगडं पाहिजेत," असं म्हणालास. मी नुसतं "हं" म्हणाले, कारण योगिनी चार हातांच्या अंतरावर बसून टाकीचं पाणी तपासत होती आणि तुझा आवाज फोनच्या बाहेर येत होता. शिवाय फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू "हो आई, हो आई" सुरू करतोस. तेहतीस वर्षं शाळेत पोरांकडून पत्रं लिहून घेतली, आता स्वतःच्या पोराला लिहिते. पूर्ण वाच, मधूनच शेवट बघू नकोस.

आधी तुझ्या दगडांचं सांगते. तुझ्याच म्हणते, कारण हौस तुझी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू ती चार फुटी काचेची टाकी आणलीस. परदेशात वाढवलेले पोवळ्यांचे तुकडे रीतसर परवान्यानं मागवलेस, वनखात्याचे कागद फाईलला लावलेस. कागदांत तू पहिल्यापासून चोख. चार महिने तळहातावरच्या फोडासारखं जपलंस त्यांना, आणि मग ऊत आला तसा उतरला. तेव्हापासून ती टाकी योगिनीनं सांभाळली. कॉलेजात पोरांना रसायनशास्त्र शिकवते आणि घरी येऊन पुन्हा तेच करते.

मला वाटायचं, दगडांना कसली आली निगा? तिनंच मला समजावलं की हे दगड नाहीत, हे जीव आहेत. दगड म्हणजे त्यांनी बांधलेलं घर. बांधायचा चुना ते पाण्यातूनच ओढून घेतात, म्हणून पाण्यातला चुना रोज कमी होतो आणि रोज तेवढाच परत घालावा लागतो. कमी पडला तर घर अडतं, एकदम जास्त झाला तरी जीव दचकतो. ती सकाळी कॉलेजला जाण्याआधी इवल्याशा नळीत पाणी घेते आणि त्यात औषधाचा एकेक थेंब सोडते. निळ्याचं पिवळं व्हायला किती थेंब लागले ते वहीत लिहिते, आणि त्यावरून त्या दिवशी काय घालायचं ते ठरवते. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. मी हजेरीपट सांभाळलेली बाई आहे, मला या गोष्टीची किंमत कळते.

आणि दिसतात काय रे ती! एक मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं हिरवं, एक फांद्यांचं, त्याची टोकं जांभळी. संध्याकाळी दिवा मंद झाला की अंगभर बारीक बोटं बाहेर काढतात आणि ती पिचकारीनं त्यांना भरवते. खुर्शीदा पहिल्यांदा पाहून म्हणाली, "बाई, हे फूल हाय का जनावर?" आता तीही संध्याकाळी खुर्ची ओढून बसते. आमच्या मालिका बंद पडल्या. आपल्या गावात उन्हाळ्यात माणूस होरपळतो, आणि ही पोरगी त्या टाकीचं पाणी सव्वीस अंशांच्या वर जाऊ देत नाही. गेल्या मे महिन्यात दिवसभर वीज गेली, तर खुर्शीदाच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून आणली तिनं. मागायला लाजली नाही. स्वतःसाठी कधी वाटीभर साखर मागायची नाही.

त्याच मे महिन्यात तू पुण्याला खोली बघायला गेला होतास, तेव्हाची माझी एक करामत तुला कोणी सांगितली नाही. ती कॉलेजात पेपर तपासायला गेली होती. मी पाहिलं तर टाकीचं पाणी चांगलं दोन बोटं उतरलेलं, आणि शेजारी ठेवलेली भर घालायच्या पाण्याची बादली कोरडी. मनात म्हटलं, आपणही मदत करू. समुद्र खारा, आपली बोअर खारी, यापेक्षा सोयीचं काय असणार? दोन बादल्या आणून ओतल्या आणि पदराला हात पुसून मोठ्या अभिमानानं बसले.

ती आली तोवर सगळ्या पोवळ्यांनी अंग चोरलं होतं. मी आपणहून सांगितलं. वाटलं, आता हिचा आवाज चढणार, आणि चढला असता तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, खारं खारं सारखं नसते." मग शिकवल्यासारखं सांगितलं. टाकीतलं फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गाळलेल्या शुद्ध पाण्याची. शिवाय समुद्राचे क्षार वेगळे, आपल्या खारपाण जमिनीतले वेगळे, आणि आपल्या बोअरमध्ये शेतातल्या खतांचाही अंश.

पुढचे दहा दिवस ती रोज थोडं पाणी काढी आणि पिंपात टाकीचं खास मीठ कालवून मुरवलेलं नवं पाणी तेवढंच घाली. एकदम बदललं तर वाचलेलीही जातात म्हणे. अकरातली दोन गेली. मांस सुटून पांढरा सापळा उरला. तुझ्या त्या मेंदूच्या कडेला बोटभर पांढरा पट्टा पडला होता, तो आता पुन्हा हिरवा होत भरत आला आहे. मी रोज बघते.

सोमवार, १०

काल इथवर लिहून कागद उशीखाली ठेवला. पोवळ्यांवर पोवळी लिहीत गेले, कारण पुढचं लिहायची हिंमत होत नव्हती. आज ती कॉलेजला गेली आहे. आता लिहून टाकते.

त्या दिवशी तिनं टाकीचं पाणी तपासलं, तसं बोअरचंही तपासलं. पुन्हा तपासलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही हेच पेता?" मी म्हटलं, पिऊ नको तर काय करू, नळ आठ दिवसांनी येतो, आणि खरं सांगायचं तर नळाच्या पाण्याचा चहा मला फिका लागतो. तिनं नळी बाजूला ठेवली. खाली बसून माझ्या पायावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला तो भरून यायला वेळ लागला. पायांची ती सूज मी उन्हाळ्यावर ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी ती मला खामगावला घेऊन गेली. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं. अविनाश, माझ्या दोन्ही किडन्या निम्म्याहून कमी चालतात. पाण्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, रक्तदाबही जुना आहे. पण ते पाणी त्याच दिवसापासून बंद केलं. पथ्य, गोळ्या, दर महिन्याला तपासणी. वेळेवर कळलं, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. कोणामुळे कळलं ते त्यांना ठाऊक नाही, तुला मात्र आता झालं.

तुला का नाही सांगितलं? योगिनीला घेऊन पुण्याच्या नोकरीवर हजर व्हायला तुला नऊ दिवस उरले होते. तुझ्या बाबांच्या आजारात तू नागपूरची नोकरी टाकून आलास, ते गेले, आणि मग दोन वर्षं तू या घरात बसून होतास. टाकीसमोर बसायचास आणि टाकीकडे पाहायचा नाहीस. तुझा तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नव्हता. म्हणून खामगावच्या स्टँडवर, बसची वाट बघताना, मी योगिनीचा हात धरून म्हटलं, "अविनाशले सांगशीन तर माझं मेलेलं तोंड पाहशीन."

ती म्हणाली, "मंग मी तुमच्यापाशी राहाचं कारण त्यायले काय सांगू?"

आता नीट वाच. मी म्हणाले, "सांग, टाकी सोडता येत नाही."

दगडांचं कारण तिचं नव्हे, माझं आहे. मी ते तिच्या हातात दिलं आणि तिनं ते अंगावर घेतलं. दिवाळीत तू आलास, ओसरीत उभं राहून तिला काय नाही ते बोललास. मी आत चकल्या पाडत होते. प्रत्येक शब्द ऐकला आणि सोऱ्या फिरवत राहिले. वाटलं, आज ही तोंड उघडेल. ती इतकंच म्हणाली, "हाव, मले टाकी सोडता येत नाही," आणि तुझी बॅग भरून द्यायला गेली. त्या चकल्या कशा झाल्या होत्या कोण जाणे, मी एकही खाल्ली नाही.

एवढ्या महिन्यांत तिनं मला एकदाही म्हटलं नाही की आई, आता पुरे. तिच्या वहीत पुढून टाकीच्या नोंदी असतात, आणि मागून माझ्या: वजन, रक्तदाब, पायाची सूज, महिन्याचा रिपोर्ट. मला डाळ किती, मीठ किती, पाणी किती, सगळं मापून. मी कुरकुर केली की म्हणते, "एकदम नाही, जरा जरा कमी करू." जूनपासून माझे आकडे जिथल्या तिथे आहेत. डॉक्टर तिला म्हणाले, तुमच्यासारखी मुलगी प्रत्येक घरात असती तर माझ्या अर्ध्या पेशंटांचं दुखणं वाढलंच नसतं. मी मुलगी नाही सून आहे असं तिनं सांगितलं नाही, मीही नाही.

तिला मी सून म्हणून आणली तेव्हा तुझ्या मावशीला म्हटलं होतं की पोरगी जरा अबोल आहे, कशी निभेल? किती मूर्ख होते मी. एवढं सोसणारं माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि तुझे बाबा काही कमी नव्हते.

शुक्रवारी तुझा फोन ठेवला तेव्हा तिच्या हातात तीच थेंबांची नळी होती. ती थेंब मोजता मोजता चुकली. नळी ओतून दिली, पुन्हा मोजायला घेतलं, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा नळी तशीच ठेवून परसात गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागली, एकेक, फार हळू. मी मागोमाग बाहेर आले. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, तुम्ही काही बोलू नका त्यायले. त्यायची नोकरी नवी हाय." तेव्हा मी ठरवलं की बोलायचं.

हे पत्र मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही. कळेल तेव्हा रागावेल. रागावू दे, तिचा तेवढा हक्क आहे.

नोकरी सोडून येऊ नकोस. मला बघायला म्हणूनही येऊ नकोस, माझं बघणारं माणूस इथं आहे. सतरा तारखेला वकिलाकडे गेलासच तर त्यालाही खरं सांग: बायकोनं नवऱ्यापेक्षा दगड मोठे मानले नाहीत, सासूनं आजार लपवायला सुनेचा संसार पुढे केला. मग त्याला जो कागद करायचा तो करू दे. आणि नाही गेलास, तर त्या दिवशी मला फोन करू नकोस. तिला कर. ती काही बोलणार नाही, लगेच ठेवू नकोस.

तुझ्याशी नऊ महिने खोटं बोललेली,
आणि ते तिच्या तोंडून वदवून घेतलेली,

तुझी आई