उतारावर हवेचा काटा पडला तेव्हा

उस्ताद, काल माझ्या मोटारीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि मी तिथंच गाडी बंद करून गॅरेजवाल्याला बोलावलं. गॅरेजवाल्यानं मशीन जोडली, इंजिनातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर काढून त्याच्या तोंडाशी हवा ओढून पाहिली, तर मशीनवरचा आकडा जागचा हलेना. "सेन्सर गेलाय काका, इंजिन चांगलंय. एवढं काय घाबरलाव?" म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण गाडी चांगली आणि काटाच खराब, असं कुणी म्हणालं की मला राणीसावरगावकडून गंगाखेडला येणारा तो उतार दिसतो.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. गावोगावी माणसं एकमेकांकडं तिरपं बघत होती. तुमी ड्रायव्हर, मी क्लीनर. आपल्या ट्रकवर ऊस, उसावर तोडणीची टोळी, त्यातली निम्मी माणसं बौद्धवाड्यातली. उजेड असेपर्यंत त्यांना कारखान्यावर पोचवायचा शब्द तुमी दिला होता. केबिनमध्ये आपल्या शेजारी एक ओली बाळंतीण, तान्ही पोरगी घेऊन. उताराच्या तोंडाशी हवेच्या मीटरचा काटा सावकाश खाली यायला लागला आणि पार तळाला टेकला. त्या गाडीचे ब्रेक हवेवर चालायचे. हवा न्हाई म्हणजे ब्रेक न्हाई. तुमी कशीबशी गाडी कडेला दाबली, मी उडी मारून चाकांना दगड लावले.

मग तुमी तपासायला लागलात. इंजिन चालू ठेवून टाकीला कान लावला. टाकी भरली की जास्तीची हवा फुस्स करून सुटते, तशी ती सुटली. मला ब्रेक दाबायला लावला आणि स्वतः चाकापाशी वाकून ब्रेकचा दांडा हलतो का ते पाहिलं. हलत होता. "हवा हाय. मीटर बिघडलंय," तुमी म्हणालात. पण उभ्या गाडीचा ब्रेक लागणं वेगळं आणि भरल्या गाडीचा उतारावर लागणं वेगळं. उसावरून टोळीतला एक म्हातारा ओरडला, "ही पोर जल्मल्यापास्नं एक काम धड व्हईना!" बाळंतिणीनं पोरीला पदराखाली घेतलं.

तुमी समद्यांना खाली उतरवलं. "चालत या मागनं."

"मी बसतो की संगं," मी म्हणालो.

"उतर म्हणलं ना!"

तुमी असे माझ्यावर कधी खेकसला नव्हतात. ट्रक हलला. मी हातात दगड घेऊन मागं पळतोय, ऊस दोन्ही बाजूंनी हेलकावे खातोय, वळणावर गाडी दिसेनाशी होते, आणि मी नुसता आवाजाकडं कान लावून पळतोय. अरे देवा, आता आदळली, आता आदळली, एवढंच डोक्यात.

खाली सपाटीला गाडी उभी होती. तुमची विडी पेटत नव्हती, पायाशी अर्धवट जळक्या काड्या पडल्या होत्या. मी केबिनमध्ये चढलो. तेवढ्यात तुमी मीटरखाली हात घातला आणि तिथंच थांबलात. पोरीला निजवायला बांधलेल्या झोळीची एक दोरी दाराला होती, दुसरी मीटरखालच्या बारीक तांब्याच्या नळीला. ओझ्यानं नळी चेपली होती, टाकीतली हवा काट्यापर्यंत पोचतच नव्हती. आपण टाकी बघितली, चाकं बघितली, केबिनमध्ये कुणी बघितलंच न्हाई. माझ्या तोंडात शिवी आली होती.

बाळंतीण धापा टाकत दाराशी आली. मागं सगळी टोळी. "काय झालतं वो उस्ताद? माझ्या पोरीच्या पायगुणानं तर न्हाई ना?"

तुमी दोरी सोडून मुठीत घेतली. "न्हाई गं माय. मीटर जुनं हाय," म्हणालात, त्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

हे लिहिलं, पण तुमी गेल्यावर धाडणार कुठं? एक मात्र सांगतो. मोठा उतार आला की मी बायकोला म्हणतो, जरा पाय मोकळे कर, खाली भेटू. ती हसते आणि उतरते. तिला वाटतं, माझा तिच्यावर लय जीव आहे. जीव आहेच. पण भ्यालेला मी तिला दिसू नये, म्हणून मी तिला उतरवतो, त्या दिवशी तुमी मला उतरवलंत तसं.