वायर काढायची राहिली

अप्पा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि आज मी तुम्हाला कॉम्प्युटरबद्दल लिहायला बसलेय. हसू नका. तुम्ही चालवलेलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे मदगूचं चाक, कालव्याचं लोखंडी दार वरखाली करायचं ते. आमच्याकडे टेबलावर टीव्हीसारखं एक खोकं आहे आणि वायरीतून त्यात सगळं जग येतं, एवढं धरून चाला. पाचवीपर्यंत तमिळ शाळेत गेलेल्या तुमच्या मुलीला ते लावता येतं, बंद करता येतं. खरंच! बाळबोध अक्षरं तेवढी तुम्ही कालव्याच्या काठी वाळूत गिरवून घेतलीत, त्यांवरच हे पत्र चाललंय. चुका असतील.

तुमच्या जावयांना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कळतं सगळं. रसमात मीठ जास्त झालं की तोंड वाकडं करतात, पण शब्द येत नाही. तेव्हा माझ्या मुलाने (तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, तो कॅनडात असतो) त्या कॉम्प्युटरवर एक जुना प्रोग्राम बसवून दिला. पडद्यावर नुसती चित्रं. तांब्यावर बाण नेऊन दाबलं की "पाणी दे", पंख्यावर दाबलं की "पंखा लाव". आणि आवाज माझा, आपल्या घरच्या मराठीत! दवाखान्यातलं यंत्र तमिळ बोलतं, इंग्रजी बोलतं. आपलं तंजावूरचं बोलणं कुणाकडे असणार? पहिल्या दिवशी ह्यांनी डाव्या हाताने चार वेळा मोर मागितलं, आणि ताकाचा पेला समोर आला तर घोटभरच प्याले. मागता येतंय, त्याचीच मजा.

पण तो प्रोग्राम जुना. मुलगा जाताना म्हणाला, "अम्मा, हे कॉम्प्युटर आपणहून अपग्रेड व्हायला बघेल. एकदा झालं की आतलं सगळं नवं होतं आणि हा प्रोग्राम चालायचा नाही. मी आतून थांबवलंय, पण त्याला मुदत असते, ती संपली की पुन्हा सुरू. म्हणून नेटची वायर काढूनच ठेव. आम्हाला बघायचं असेल तेव्हा लाव, झालं की काढ."

"एवढंच ना? मी मदगूचं दार राखणाऱ्या लस्कराची मुलगी रे. दार बंद ठेवायचं मला शिकवतोस?"

ठेवलं हो, जवळजवळ चार वर्षं ठेवलं. मग आता त्याला मुलगी झाली. अप्पा, काय सांगू, नाक अगदी तुमचं! बारसं आम्ही पडद्यावर पाहिलं. बाळ दिसल्याबरोबर ह्यांनी घाईघाईने कसलंतरी चित्र दाबलं आणि माझा आवाज आला, "मोर दे." सून तिकडून हसते, "मामंजी, तिला द्यायचंय की तुम्हालाच हवंय?" हे अर्ध्या तोंडाने हसले. मी तर डोळे पुसत हसले. उद्या पुन्हा बघायचंच आहे, म्हणून वायर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. तिची आंघोळ बघायची, तिची जांभई बघायची. पुढे वायरीचं ध्यानच राहिलं नाही.

एका सकाळी इडलीचं भांडं चढवून येते तर पडदा निळा. मधे ठिपके गोल फिरताहेत, खाली आकडे चढताहेत. बत्तीस. चाळीस. मी वायर ओढून काढली, तरी आकडे चढतच राहिले. हे माझ्याकडे बघत होते. सगळं झालं, आणि चित्रांच्या जागी इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्या घालवल्या की मागे काहीच नाही.

ओरत्तनाडच्या पुढच्या मदगूवरचा तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी नऊ वर्षांची. चाकापाशी मला बसवून तुम्ही जेवायला गेला आहात. मैत्रीण म्हणते, "आमचा भाताचा तरवा वाळतोय, चाकाला दोनच फेरे दे ना." मी देते. पाणी धावतं, आम्ही दोघी टाळ्या पिटतो. मग चाक उलटं फिरवते, पण दार पुरतं बसत नाही. वरून बघणाऱ्याला बंदच दिसतं. तुम्ही आलात, मी काही बोलले नाही. संध्याकाळी खालच्या शेतातला सगळा तरवा पाण्याखाली. तुम्ही हात उचलला नाहीत. म्हणालात, "उघडलंस ते पोरपण. पण दुपारीच सांगितलं असतंस तर बांध फोडून पाणी काढून दिलं असतं. गप्प कां बसलीस?"

मी पुन्हा गप्प बसले, अप्पा. पंधरा दिवस. कॉम्प्युटरवर धूसर दिसतं म्हणून मुलाला सांगितलं आणि फोनवरच बोलत राहिले. त्या दोघांना बाळामुळे झोप नाही, त्यात हे कशाला, असं मनाशी म्हटलं. शेवटी सांगितलं तेव्हा त्याने आधी किती दिवस झाले ते विचारलं.

"अम्मा, दहा दिवसांच्या आत मागे नेता येतं. जुनं सगळं होतं तसं परत येतं. त्यानंतर ते पुसून जातं."

"मग आता?"

"दुसरं काही शोधतो. हा प्रोग्राम आता कुठे मिळत नाही."

रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हे अजून रोज त्या पडद्यासमोर बसतात. तांब्याचं चित्र होतं त्या रिकाम्या जागी बाण नेतात, दाबतात, आणि थांबतात. मी पाणी आणून देते. कधी त्यांना पाणी नको असतं. काय हवं ते मला कळत नाही, आणि मला कळत नाही हे त्यांना कळतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या चित्रांत एक माझा फोटोही होता. तो दाबला की माझाच आवाज मला हाक मारायचा, "इकडे ये ग." दिवसातून तीस-चाळीस वेळा. भात उतरवताना, जरा डोळा लागला असताना. तो बंद पडला तेव्हा पहिले काही दिवस घर इतकं निवांत होतं की मी बाहेर तिण्णैच्या ओट्यावर बसून टंबळरभर फिल्टरची कॉपी गरम गरम पिऊन संपवली. मुलाची झोपमोड नको म्हणून मी गप्प बसले नव्हते, अप्पा.