वाकलेली रेष

दि. ३ जून
ती. बाबांना,
सा. न. वि. वि.
खोकला कसा आहे? औषध संपवलंत की कपाटात लपवलंत?

इकडे माझं सरांशी वाजलंय. माझ्या सूक्ष्मजीवांच्या जांभळ्या पापुद्र्यातलं प्रथिन उजेड पडला की प्रोटॉन पलीकडे ढकलतं, हे ऐकून ऐकून तुमचे कान किटलेत. उजेड वाढवला की ढकलण्याचा वेगही वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच. मग कितीही प्रखर दिवा लावा, वेग तोच. हातातली खेप पुरी झाल्याशिवाय रेणू दुसरी घेतच नाही. सरांच्या जुन्या निबंधातल्या आलेखात मात्र रेष सरळ चढते. म्हणून माझी रेष जिथे वाकते ते वरचे चार ठिपके गाळ, नाहीतर प्रबंधावर सही नाही, असं ते म्हणाले. मी गाळणार नाही. पाच वर्षं पाण्यात गेली तरी चालतील.

लोभ आहेच, त्यात काळजी मिसळू नका.
तुमची ठमी

दि. ११ जून
चि. ठमीस,
अ. उ. आ.
खोकला बरा आहे, चौकशा पुरे.

ठिपके अजिबात गाळू नकोस. पण दिवा कमी कसा करतेस? बटण फिरवून? चाळीस वर्षं नाटकांना उजेड दिला म्हणून विचारतो. तारेचा दिवा बटणाने उतरवला की नुसता मंद होत नाही, तांबूस होतो. नायिकेचा हिरवा झगा मातकट दिसायचा आणि बोलणी मला बसायची. तुझ्या प्रथिनाला हिरवट-पिवळा उजेड लागतो ना? मग मंद उजेडात त्याला उपाशीच ठेवलंस की. दिवा पूर्ण ठेव आणि पुढे तारेच्या जाळ्या लाव, म्हणजे उजेड कमी होईल पण रंग बदलणार नाही. आधी आपली चूक निस्तर, मग खुशाल भांड.

हट्ट माझ्यावरच गेलाय, तो सांभाळ.
तुझा बाप

दि. २९ जून
ती. बाबांना,
सा. न. वि. वि.
बटणच फिरवत होते हो! जाळ्या लावून सगळं पुन्हा मोजलं. खालचे ठिपके वर सरकले, वरचे जागच्या जागी. रेष आधीपेक्षा जास्तच वाकली. सरांनीही त्याच दिव्याचं तेच बटण फिरवलं होतं आणि प्रखर उजेडापर्यंत ते गेलेच नव्हते. म्हणून त्यांची रेष सरळ.

काल सगळ्या विभागासमोर आधी माझी चूक सांगितली, मग त्यांची. सर लालबुंद झाले. नंतर खोलीत बोलावून म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, ते चार ठिपके गाळ, आत्ता सही करतो. मी म्हटलं, सहीची जागा कोरीच राहू दे.

आज प्रबंध तसाच जमा केला. पदवी मिळेल की नाही, कोण जाणे. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या बाईंनी कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, इथली सही राहिली का? राहिली नाही, मिळाली नाही, असं सांगितलं आणि पोचपावती मागून घेतली.

रागवा हवं तर, पण लोभ आटू देऊ नका.
तुमची ठमी