माझ्या बाजूचा ब्रेक

सोमवार, ४ मार्च

हिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काढून डॉक्टरांनी तपासायला पाठवला. रिपोर्टला दोन आठवडे लागतील म्हणे. दोन आठवडे! दूध उकळायची वाट बघतानासुद्धा माझा जीव खालीवर होतो.

परत येताना गाडीत ही म्हणाली, "अहो, एक मागू? रिपोर्ट काहीही येऊ दे, त्या दिवशी तुम्ही मला शांत हवे आहात. बाकी काही नको." मी म्हटलं, "अगं, मी शांतच आहे!" — हे इतक्या जोरात म्हटलं की सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाने आपल्या गाडीची काच वर केली.

म्हणून ही वही. इथे कितीही ओरडलं तरी कोणाला काच वर करावी लागणार नाही.

बुधवार, ६ मार्च

आज आमच्या पास्टरांची गाडीची शिकवणी. रविवारी चर्चमध्ये ते शिकवतात आणि मी बाकावर बसून ऐकतो. बुधवारी मी शिकवतो आणि ते ऐकत नाहीत. गाडीच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झालेत, पण चेहऱ्यावर काय ती शांती! आज वळणावर त्यांनी गाडी थेट कचऱ्याच्या डब्यावर घातली होती. आमच्या स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो मी वेळेवर दाबला म्हणून वाचलो. मी, ते आणि डबा.

"घाबरू नका," पास्टर म्हणाले. मला! गाडी हे चालवणार, डबा हे उडवणार, आणि घाबरू नका मला!

शेवटी विचारलंच, "पास्टर, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?"

"तुम्ही आहात ना बाजूला," म्हणाले.

छाती फुगवून घरी आलो. देवाच्या माणसाचा आपल्यावर एवढा भरवसा! हिला सांगितलं तर ही भाजी चिरता चिरता इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी प्रार्थना केली. सगळी चिंता देवावर सोपवली. चहा होईपर्यंत सगळी परत घेतली.

रविवार, १० मार्च

पास्टरांचा संदेश नेमका शांतीवर. लांबला. मध्येच पुढच्या बाकावरच्या बाई दचकून मागे वळल्या. मी त्यांच्या बाकाला लाथ मारली होती. खरं म्हणजे मी ब्रेक दाबला होता. संदेश थांबेना, तेव्हा पाय आपोआप गेला! हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उपासना संपेपर्यंत काढला नाही.

बाहेर सगळे हिच्याभोवती. काय म्हणाले डॉक्टर, कधी कळणार? ही सगळ्यांशी हसून बोलत होती. एक आजीबाई माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बायकोकडे बघून शिक रे, विश्वास म्हणजे काय ते."

बघतोय की. रोज बघतोय. हिला झोप लागते, जेवण जातं, फोनवर बहिणीशी गप्पा होतात. आणि मी? बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षं झाली. मला वाटलं होतं, पाण्यातून बाहेर आलो की शांतीचं कनेक्शन सुरू. अजून वायरमनचीच वाट बघतोय! खरं सांगायचं तर मला हिचा हेवा वाटतो. आजारी ती आणि हेवा मला. याला म्हणतात नवरा.

मंगळवार, १२ मार्च

स्कूलच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सर, बाकीच्यांची मुलं पास होतात. तुमचीच का हो नापास होतात?"

मी तावातावाने सांगितलं की पोरं लक्ष देत नाहीत, इन्स्पेक्टर खडूस आहे, रस्ते खराब आहेत. त्यांनी मला गाडीपाशी नेलं, दोन्ही दारं उघडली आणि म्हणाल्या, "वाका." वाकलो. माझ्या बाजूच्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. विद्यार्थ्याच्या ब्रेकचं कालच दुकानातून आणल्यासारखं, रेघन् रेघ जागेवर.

"त्यांचा पाय हलायच्या आधीच तुमचा पडतो. त्यांना वाटतं गाडी आपोआप थांबते. टेस्टला बाजूला तुम्ही नसता, मग ती थांबत नाही. सर, तुम्ही शिकवत नाही. तुम्हीच चालवता."

इतकी वर्षं मी स्वतःला सावध माणूस समजत होतो. जेवताना हिला सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ द्या हो. ही म्हणाली, "बाईंना घरची माहिती कोणी दिली?"

बुधवार, १३ मार्च

पास्टर आले. मी म्हटलं, "आज मी पाय वर घेऊन बसणार." आणि बसलो, सीटवर मांडी घालून, पूजेला बसल्यासारखा. पास्टरांची शांती एका क्षणात उतरली! कपाळावर घाम. "पण... मग गाडी थांबवणार कोण?"

"तुम्ही!"

त्यांनी भर रस्त्यात मोठ्याने प्रार्थना सुरू केली. मी म्हटलं डोळे मिटू नका. पहिल्या वळणावर असा ब्रेक मारला की माझी मांडी सुटून गुडघा डॅशबोर्डवर आदळला. दुसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. तिसऱ्यावर मात्र भिंतीपासून हातभर अंतरावर स्वतः थांबवली. माझे दोन्ही हात मांड्यांवर घट्ट रुतलेले होते, पण पाय वरच होते.

मग पास्टर हसायला लागले. "म्हणजे माझी शांती तुमच्या पायात होती म्हणायची!"

मलाही मग राहवलं नाही. म्हटलं, "पास्टर, मी रोज देवाला सांगतो, तू चालव. आणि मग हिचं काय होईल या भीतीने सारखा ब्रेक दाबत बसतो." वाटलं, आता एखादं भारी वचन ऐकायला मिळेल. ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "मीही दाबतो हो. मग लक्षात आलं की पाय काढतो. पुन्हा दाबतो. आज सकाळपासून चार-पाच वेळा झालं असेल."

घरी येऊन यावर विचार करत बसलो. पास्टर चालक असतील तर मी देव होतो का? तर मग देवाने मांडी घालायची की नाही? आणि देव चालवतोय तर माझ्या बाजूला ब्रेक बसवला कोणी? कोण कुठल्या सीटवर हेच ठरेना, डोकं गरगरलं. गुडघ्याला मलम लावलं.

शुक्रवार, १५ मार्च

जेवणाआधी प्रार्थना माझ्याकडे असते. आज नेहमीप्रमाणे सुरू झालो: देवा, रिपोर्ट चांगला येऊ दे, सकाळीच येऊ दे, त्या दिवशी तेच डॉक्टर असू देत, दुसरे नकोत, दवाखान्याबाहेर गाडीला जागा मिळू दे —

ही डोळे मिटूनच म्हणाली, "गाडीचा नंबरही सांगून टाका, त्याला शोधायला बरं."

हसलो दोघं. हसणं थांबल्यावर पुन्हा डोळे मिटले, आणि मला पुढे काही सांगता येईना. सगळ्या सूचना संपल्या. मग तोंडातून एवढंच आलं, "देवा, मला फार भीती वाटते." बस. आमेन म्हणायलाही विसरलो, ते हिने म्हटलं.

काही झालं नाही. दिवा लागला नाही, अंगावर काटा आला नाही. ही नसेल तर मी काय करीन, हा प्रश्न ताटासमोर जसाच्या तसा बसून होता. पण तो बसलेला असताना मी जेवलो. एक पोळी जास्तच खाल्ली.

शनिवार, १६ मार्च

सोमवारसाठी आरशासमोर शांत चेहऱ्याची तालीम केली. ही मागून म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

रविवार, १७ मार्च

आज बाकाला लाथ मारली नाही. पुढच्या बाई खबरदारी म्हणून आधीच दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या होत्या.

पास्टर हात हातात घेऊन म्हणाले, "उद्या येऊ का तुमच्याबरोबर? गाडी मी चालवतो." मी म्हटलं, पास्टर, प्रार्थना करा, तेवढं पुरे. उद्या एकच संकट असू दे.

दुपारी ही कपाटं आवरत बसली. मी मदतीला गेलो, तर काय ठेवायचं, काय द्यायचं हे तिलाच विचारलं आणि ती सांगेल तसं केलं. तिने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं.

सोमवार, १८ मार्च

रिपोर्ट आला. नको होतं तेच आहे.

डॉक्टर ऑपरेशनचं सांगत होते, त्यानंतरच्या उपचारांचं. मी त्यांना मध्येच तोडलं नाही. विचारायचं ते विचारलं आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबलो. भीती होतीच, तसूभरही कमी नव्हती. पण तिच्याखाली काहीतरी होतं, आणि त्यावर मला उभं राहता येत होतं. ते माझं नव्हतं. मी मला ओळखतो.

घरी येऊन दार लावलं आणि ही रडायला लागली. तिथेच, चपला पायात असतानाच, मोठमोठ्याने. या दोन आठवड्यांत एकदाही रडली नव्हती. मी तिला धरून उभा राहिलो.

"आता रडते," म्हणाली. "आधी रडले असते तर मला धरायला कोण होतं?"