सँडल पायात गेली तरच या

प्रणालीचे बाबा,

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, मी अमरावतीले चालली. परवा दुपारच्या गाडीनं येईन. भाजी बिनमिठाची हाय, वरून मीठ घ्याचं नाही. लोणच्याची बरणी संघपाल भाऊजीच्या घरी ठेवली, शोधू नका.

कूलरमधली बाटली मी मोरीत ओतली. ऐन थंडीत माणूस रोज कूलर पुसून राहिला, तेव्हाच समजलं होतं मले.

अकोल्याच्या डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगतलं, दारूनं हृदयाचा स्नायू ढिला पडला, रक्त पुढं ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साचते. अन् तुमी चौकात सांगता, वजन वाढलं, तब्येत भरली! काहून लोकायले हसवता? ते मांस नाही, पाणी हाय. गोळी घेतली की गप्पांतून लघवीले उठा लागते, म्हणून ते गोळीच खिशात दडवता. पँट धुताना सापडली मले.

सुजल्या पायात जाते म्हणून भाऊजीची ढगळ चप्पल वापरून राहिले होते, ते मी त्यायले परत दिली. तुमची जुनी सँडल दाराशी हाय. गोळ्या घ्या. परवा सँडल पायात गेली तर मले घ्याले स्टँडवर या. नाही गेली तर भाऊजीले घेऊन सरळ दवाखान्यात जा. दम लागला तर परवाचीही वाट पाहू नका.

शपथा नका घेऊ. मी तोंडाकडे नाही, पायाकडे पाहीन. स्टँडवर दिसले नाही, तर घरी न येता तशीच अकोल्याच्या दवाखान्यात येईन.

माया