डाव्या खांद्याची रायफल

बाबा,

काल एक माणूस तुमची रायफल बघायला आला होता. आईने ती विकायचं ठरवलंय. परवाना तिच्या नावावर आहे, आणि दरवर्षी कचेरीत जाऊन शिक्का मारून आणायचा तिला आता कंटाळा येतो. माणूस भिंडकडचा होता, बोलायला भला वाटला. त्याने रायफल उजव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि लगेच मान मागे घेतली. "बहनजी, ये तो उल्टे हाथ की है. अच्छी-भली चीज़ किसने बिगाड़ दी?" आई स्वैपाकघरात निघून गेली. मी म्हटलं, "बिगाड़ी नहीं है, बनाई है." का बनवली, ते मात्र सांगता आलं नाही. लाकडी दस्त्यावरचा, गाल टेकवायचा तो उंचवटा तासून घेईन, असं म्हणून तो गेला. मी ती पुसून पुन्हा कपाटात ठेवली, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे.

ग्वाल्हेरचं राज्य विलीन झालं, मध्य भारत आला, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं ते ठरवायला फौजेचं बोर्ड बसलं. शिंदे की छावनीतल्या आपल्या ओळीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पेढे वाटले जात, नाहीतर चूल पेटत नसे. ज्यांना घेतलं ते हिंदुस्थानच्या फौजेत गेले. तुम्ही शस्त्रागारातले हवालदार. सगळ्या पलटणीच्या बंदुका तुमच्या हाताखालून गेलेल्या, तरी तुम्ही घरी आलात. वयामुळे काढलं, असं तुम्ही आईला सांगितलंत. दौलतगंजचे एक कापडवाले सेठजी भिंड-मुरैन्याकडे, चंबळच्या बीहडांतून, म्हणजे डाकूंच्या दऱ्याखोऱ्यांतून, गाड्या भरून माल पाठवत, आणि त्यांना सोबतीला पहारेकरी हवा होता. माणूस बंदुकीसकट पाहिजे, ही त्यांची अट. तुमच्याकडे परवाना होता, बंदूक नव्हती. सरकारी बंदुका आयुष्यभर सांभाळल्या, स्वतःची घ्यायचं कधी सुचलंच नाही, असं म्हणून तुम्ही हसला होतात.

सरदारांच्या घरांतून निघालेलं सामान तेव्हा नई सडकेवर ढिगाने यायचं. झुंबरं, हरणांची शिंगं, बंद पडलेली घड्याळं. त्यात पडद्यांच्या दांड्यांबरोबर कोपऱ्यात ही उभी होती. एका वेळी एकच गोळी घेणारी शिकारी रायफल, नळीवर गंज, दस्त्याची मान तडकलेली आणि कुणीतरी तांब्याच्या तारेने करकचून बांधलेली. दुकानदार म्हणाला, "हवालदार साहब, ले जाओ, परदे की डंडी के भाव दे दूँगा." तुम्ही तिचा खालचा खटका ओढलात. नळीचं मागचं तोंड झाकणारा ठोकळा कुरकुरत खाली गेला. दुकानात दोन चांगल्या रायफली होत्या, पण त्यांचा बोल्ट उजव्या हाताने ओढायचा. हिचा खटका मधोमध, खाली, कुठल्याही हाताने चालणारा. म्हणून तुम्ही हिला निवडलंत. हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

पुढचा महिना आपलं स्वैपाकघर तुमचं शस्त्रागार झालं. घासलेटात भिजवलेल्या चिंध्या, अळशीचं तेल, दस्ता सांधायला आणलेल्या सरसाचा तो वास. आई म्हणायची, "आज फोडणी बंदुकीला द्यायची की वरणाला, ते एकदा ठरवा." आत्या, तुमची मोठी बहीण, सोवळं सांभाळत भिंतीला चिकटून ये-जा करायची. मी शाळेत उशिरा गेले. बाराखडी आईने शिकवली, पाढे आणि बाकी सगळं तुम्ही. तुमच्या शिकवणीत एक गोष्ट पहिली होती: रायफल कुणीही हातात देवो, काल स्वतःच ठेवलेली असो, आधी उघडायची आणि नळीतून आभाळ बघायचं. एकदा मी म्हटलं, "मगाशीच बघितलंय, बाबा." तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत. "मगाशी म्हणजे आत्ता नव्हे." आवाज चढवला नव्हतात, पण मी रडले होते. आजही, मी शिकवते त्या शाळेतून निघताना वर्गाची कडी लावली का ते बघायला मी अर्ध्या वाटेतून परत जाते. बरोबरच्या बाई हसतात.

आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटलेली होती. तुम्ही मोटारीच्या पाट्याचा तुकडा कानसून नवी केलीत आणि शेगडीवर धरलीत. पोलादाचा रंग आधी पिवळा होतो, मग जांभळा, मग निळा. निळ्यावर काढायची, नाहीतर ती मोडते. तुम्ही म्हणालात, "रंग तू सांग." मला वाटलं, शिकवताय. मी "आता" म्हटलं. तुम्ही चिमटा उचललात आणि तेलाचं भांडं उजवीकडे असताना कमान भांड्याच्या कडेवर आपटलीत. तेल सांडलं, आईने कपाळाला हात लावला, आणि मी तुमच्याकडे बघत राहिले. त्यानंतर मी बघतच राहिले. उजवीकडून आलेला पाण्याचा पेला तुम्हाला दिसत नव्हता. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी सरळ बसली का, हे तुम्ही मला विचारत होतात. दस्त्याची डावी बाजू तासून तुम्ही उजव्या बाजूला शिसवीचा तुकडा चिकटवलात, डावा गाल टेकेल असा, आणि आईला म्हणालात, "उजवा खांदा दुखतो हल्ली." आई तो खांदा रोज रात्री तिळाच्या तेलाने चोळू लागली. तुम्ही चोळून घेत होतात. मी तुमच्या वाटेतला पाट सरकवायचा, बाहेर जाताना तुमच्या उजव्या हाताला चालायचं, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, एवढंच करत राहिले.

तुम्हाला कामावर घ्यायला सेठजींनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे शस्त्रं पुजली. तुम्ही नळी पुसून, तेलाचा हात देऊन रायफल पाटावर ठेवलीत. आजोबांची तलवार एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला. हळदकुंकू आत्याने वाहिलं. दसऱ्याला सकाळी लवकरच सेठजींचा मुनीम दारात आला. सेठजी टांग्यात बसलेत, चांदमारीवर चला, एक फैर करून दाखवा, मग दुकानात पूजेला बसायचंय. तुम्ही रायफल उचललीत. आत्या आतून ओरडली, "अरे, उत्तरपूजा व्हायचीय! तशीच उचलू नकोस!" तुम्ही म्हणालात, "येऊन करू, ताई." मला म्हणालात, "चल. काडतुसांची पिशवी घे." बाहेर पडल्यावर हळूच म्हणालात, "माझ्या उजवीकडे राहा."

चांदमारीच्या मैदानावर जुन्या फौजेचा नेमबाजीचा मातीचा बांध अजून उभा आहे. मुनीम बांधावर मडकं ठेवून येतो. सेठजी छत्री धरून उभे आहेत. "हवालदार साहब, आज दशहरा है, फटाका ज़ोर का होना चाहिए." तुम्ही हसता. खटका ओढता, ठोकळा खाली जातो, रायफल उचलून नळीतून बघता. उजव्या डोळ्याने. वर्षानुवर्षांची सवय, आणि समोर सेठजी. "साफ," तुम्ही म्हणता आणि माझ्यापुढे हात करता. मी पिशवीतून काडतूस काढते, आणि नळीचं टोक माझ्या डोळ्यांसमोर येतं. नळीच्या ओठाच्या आतल्या बाजूला हळद आहे. वरून लागलेली नव्हे, आत गेलेली. एक कापसाचा धागाही आहे. आत्या देवाला कापसाचं वस्त्र वाहते, सुपारी ठेवते; इथे ती नळीच्या तोंडातच ठेवली असेल. उत्तरपूजेला सगळं काढून घेते. ती उत्तरपूजा झालेली नाही.

"काडतूस दे."

मी मूठ मिटते. मला माहीत आहे की नळी बंद असेल तर ती तुमच्या तोंडाशी फुटेल. मला हेही माहीत आहे की तुम्ही सगळ्यांसमोर बघून "साफ" म्हणाला आहात. ती साफ नसेल, तर तुम्हाला दिसत नाही हे सेठजींना आत्ता, इथे कळेल. हळद टोकालाच लागली असेल, असं मी मनाला सांगून बघते. मन ऐकत नाही.

"बाबा, परत बघा ना."

"बघितलंय."

"मग मी बघते."

"काडतूस दे म्हटलं ना!" हा आवाज मी घरात कधी ऐकलेला नव्हता. परेडवरचा असावा.

सेठजी हसतात. "क्या हवालदार साहब! घर की पलटन ही हुकुम नहीं मानती, डाकू क्या मानेंगे?" मुनीमही हसतो. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. माझ्या मुठीत काडतूस घामाने ओलं झालंय. "देणार नाही," मी म्हणते. मूठ उघडत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता, मान पूर्ण वळवून, डाव्या डोळ्याने.  मग रायफल माझ्या हातात देता. "बघ."

ठोकळा खालीच आहे. मी ती आभाळाकडे धरते. आत काळोख.

"बंद आहे," मी म्हणाले. तुम्ही नळी साफ करायचा गज घेतलात आणि मागच्या बाजूने सरकवलात. टोकातून आधी कापूस आला, हळदीने पिवळा झालेला, आणि त्याच्यात गुंडाळलेलं सुपारीचं खांड मातीत पडलं. सेठजींनी आपसूक हात जोडले. "भगवान ने बचा लिया." मग छत्री मिटली आणि तुमच्याकडे बघितलं. "पर आपने तो अभी देखा था."

तुम्ही काहीही म्हणू शकला असतात. उन्हाने डोळे दिपले, घाई झाली, मुलगी मध्येच बोलली. मी वाट बघत होते, तुम्ही काय म्हणाल त्याला मी मान डोलावणार होते. तुम्ही सरळ उभे राहिलात. "देखा था. इस आँख से दिखता नहीं."

मग मी दिलेलं काडतूस तुम्ही भरलंत, डाव्या खांद्याला रायफल लावलीत, शिसवीच्या तुकड्यावर गाल टेकवलात. मडक्याचे तुकडे बांधाच्या पलीकडे उडाले. इतकं सरळ, इतकं स्वच्छ. मुनीमाने टाळी वाजवली. सेठजी म्हणाले, "निशाना तो पक्का है, मानना पड़ेगा. पर हमारे रास्ते में दोनों तरफ़ बीहड़ है, हवालदार साहब. आदमी को दोनों तरफ़ दिखना चाहिए." खबर पाठवतो म्हणाले. आपण घरी आलो. आत्या दारात ताम्हन घेऊन उभी होती. "उत्तरपूजा राहिलीय," ती म्हणाली. तुम्ही चपला काढत म्हणालात, "झाली, ताई. चांदमारीवरच झाली." ती अजून म्हणते, माझ्या भावाला असली थट्टा करायची सवय होती. सेठजींना दुसरा माणूस मिळाला, एवढंच तुम्ही आईला सांगितलंत. खबर आली नाही. पुढे तुम्ही शिलाई मशीन दुरुस्त करू लागलात, त्या बैठ्या कामावर दोन पावसाळे काढलेत, आणि तापाच्या निमित्ताने गेलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही एकदाही बोलला नाहीत. मला रागावला नाहीत, शाबासकीही दिली नाहीत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तुमचा जीव वाचवला. ते खरंच आहे. त्याच दिवशी मी तुमची नोकरी घालवली, तेही खरं आहे, आणि या दोन्हींचा हिशोब तुम्ही तुमच्या मनात कसा लावलात ते मला कधी कळणार नाही. पण ज्यासाठी कागद घेतला ते वेगळंच आहे. शेगडीवरच्या त्या निळ्या रंगापासून दसऱ्यापर्यंत मी तुमचा डोळा एकटीने सांभाळत होते. आई तुमचा खांदा चोळायची तेव्हा मला ताट सारून उठावंसं वाटायचं. तुम्ही "दिखता नहीं" म्हणालात, सेठजींचा चेहरा बदलला, आणि नोकरी गेली हे मला तिथेच कळलं. तुमच्याकडे बघून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. हा कागद आईच्या हाती लागायला नको, म्हणून मी तो सकाळी चुलीत घालेन. आई सांगते, त्या रात्री तुम्ही अंगणात खाटेवर पहाटेपर्यंत बसून होतात. मला ते माहीत नाही, बाबा. कितीतरी दिवसांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली होती.