सहा नंबरचे हातमोजे

४ जानेवारी १९५४, सोमवार
मोजे विकता तर धड नाव द्या ना! ‘एच ६, एच ७, एच ८, एच ९, एच १०’ एवढं यादीत छापलं की मुंबईची कंपनी मोकळी. इकडे प्रेसमध्ये कापसाची गठाण बांधताना लोखंडी पट्टीनं आमच्या ह्यांचा तळहात फाडला. प्रेसचे मॅनेजर रुपचंदभाऊ म्हणाले, संक्रांतीनंतर मोजे घालूनच पट्टी बांधायची, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. ह्यांना पट्टीशिवाय दुसरं येतं काय?
भाईदास क्लार्क म्हणाला, अक्का, कंपनीचा इंग्रजी कागद द्या, मी वाचून सांगतो. गरज नाही. सरकी काढायच्या जिनातल्या बायांची मुकादम मी आहे, तो नाही.

५ जानेवारी, सकाळी
कळलं! आमच्या गठाणीवर असतं तसंच. अक्षर प्रेसचं, ते सोडून द्यायचं. नंबर मालाचा. एक म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस, पुढे पुढे शेवटच्या फरदडीचा कचरा. म्हणजे सहा सगळ्यात भारी. आणि भाव पाहा, सहाचा आणि दहाचा एकच! मुंबईवाले खुळेच.

त्याच दिवशी
पट्टीवाल्या सगळ्यांसाठी सहा नंबर मागवला. भाईदास म्हणे, आधी हात मोजा. का? झगा शिवायचाय?
रुपचंदभाऊंनी विचारलं, खात्री आहे ना? मी म्हटलं, चुकलं तर माझी मुकादमी काढा.

१३ जानेवारी
पार्सल आलं. कातडं काय मऊ! बायांना लांबूनच दाखवलं. संक्रांतीच्या आधी कुणी घालायचे नाहीत.

१५ जानेवारी
ह्यांची बोटं अर्ध्यातच अडकली. थंडीनं सुजली असतील. गरम पाण्यात हात बुडवायला लावला. हे सोनगीरचे, तोंड बंद राहील तर शपथ. म्हणाले, “ह्या बाहुलीना मोजा शेत का?” बाहुलीचे म्हणे! दुसऱ्या पट्टीवाल्या उखर्डूनं दातानं ओढून पाहिला. त्याचेही हात सुजलेले. बठ्ठे, सगळेच सुजलेले!

१६ जानेवारी
भाईदासनं सगळ्यांसमोर सांगितलं, नंबर हाताच्या मापाचा असतो. गड्यांना दहाच लागतो. माझ्या बायांमधल्या ताईबाईनं विचारलं, “अक्का, मंग तुमचा हात कोनत्या वेचणीचा?” सगळं जिन हसलं. तिची हजेरी बघते मी.
रुपचंदभाऊ मात्र हसले नाहीत. म्हणाले, हे मोजे प्रेसमध्ये कुणाला बसतात ते बघा. एकीलाच बसले.

१८ जानेवारी, सोमवार
दिवसभर ह्यांच्या जागी मीच पट्टी बांधली. खांदे राहिले नाहीत. बायांची मुकादमी आता आमच्या ह्यांच्याकडे. घरी येऊन मलाच विचारतात, हजेरी कशी घेऊ? सांगितलं नाही.
मोजे मात्र भारी निघाले. साधा ओरखडाही नाही. मी म्हटलंच होतं.
उद्या कंपनीला पत्र. इंग्रजीत हवं, म्हणजे भाईदासकडूनच लिहून घ्यावं लागेल, मेला हसेल. लिही म्हणावं: भारी माल बायकांच्या मापाचा का करता? सगळे मोजे बदलून दहा नंबरचे द्या, आणि माझी मुकादमी गेली ती कोण भरून देणार? शुक्रवार, बावीस तारखेपर्यंत उत्तर पाहिजे.